कलावंताचे स्वातंत्र्य आणि आपल्या दुखावलेल्या भावना



गेल्या वर्षी आपल्या तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' हे नाटक बसवायला घेतले. बातमी वस्तीत यायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी चार-पाच तरुण कार्यकर्ते माझ्याकडे आले. हातात टाईप केलेले निवेदन होते, पोलीस निरीक्षकांच्या नावे. सदर नाटकामुळे बौद्ध समाजाच्या भावना दुखावत असून प्रयोगास परवानगी देऊ नये, दिल्यास होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील, असा मजकूर होता. खाली नऊ सह्या झाल्या होत्या. दहावी माझी हवी होती. "गुरुजी, खरं तर तुमचीच सही पहिली पाहिजे होती," असे एकजण म्हणाला. मी निवेदन दोनदा वाचले आणि सही न करता परत दिले. मुले नाराज झाली. त्यांच्यातल्या एकाने तर तोंडावर विचारले, "गुरुजी, तुम्हाला राग येत नाही का?"

राग येतो. तो का येतो आणि तरीही सही का केली नाही, हे त्या संध्याकाळी मला नीट सांगता आले नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तेच लिहावे असे ठरवले.

प्रथम नाटकाविषयी, कारण निवेदनावर सही करणाऱ्या नऊपैकी किती जणांनी ते वाचले होते हे मी विचारले तेव्हा एकच हात वर झाला होता. 'कन्यादान' १९८३ सालचे. नाथ देवळालीकर नावाचा समाजवादी पुढारी, त्याची कार्यकर्ती पत्नी सेवा, मुलगा जयप्रकाश आणि मुलगी ज्योती, असे हे कुटुंब. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचे ठरवते. जातिभेद मोडण्याची स्वप्ने पाहणाऱ्या नाथला आनंद होतो. पण लग्नानंतर अरुण दारू पिऊन ज्योतीला मारतो, ती गरोदर असतानाही मारतो. पुढे त्याच्या आत्मचरित्राचे कौतुक होते आणि त्याच्या गौरवाच्या सभेत नाथला खोटे खोटे चांगले बोलावे लागते. अखेरीस ज्योती बापालाच खडसावते आणि अरुणकडे परत जाते.

आमच्या पिढीतल्या वाचकांना हे नाटक का लागले, ते सांगितले पाहिजे. दलित लेखकांची आत्मकथने त्या काळात नुकतीच मराठीत येऊ लागली होती. शतकानुशतके ज्यांच्या जगण्याची नोंद झाली नाही ती माणसे स्वतः लिहू लागली, आणि लगेच एका थोर नाटककाराने रंगमंचावर दलित लेखक आणला तो बायकोला लाथा मारणारा! मराठी रंगभूमीवर असे दलित नायक किती होते की त्यातला एक असा निघाला तर बिघडले नसते? सवर्ण प्रेक्षकाने शंभर नाटकांत शंभर प्रकारचे सवर्ण पाहिलेले असतात. आमच्या वाट्याला एकच अरुण आठवले आला, आणि प्रेक्षागृहातून बाहेर पडणारा माणूस "शेवटी जात गेली नाही" म्हणत घरी जाणार ही भीती खोटी नव्हती. या नाटकाबद्दल लेखकावर चप्पल भिरकावली गेली होती. १९९३ साली याच नाटकासाठी सरस्वती सन्मान मिळाला तेव्हा तेंडुलकरांनी स्वतः त्या चपलेचाही उल्लेख केला होता.

तेव्हा निवेदन लिहिणाऱ्या मुलांच्या दुःखाला मी हसत नाही. दुःख खरे आहे. प्रश्न आहे तो त्या दुःखाचे पुढे काय करायचे याचा.

याच तेंडुलकरांनी १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' लिहिले. पेशवाईतले पुणे, नाना फडणवीस आणि बाहेरून आलेला, अपमानित झालेला घाशीराम. त्या वेळी भावना दुखावल्या त्या पुण्यातील ब्राह्मण समाजातील अनेकांच्या. नाना फडणवीसांची बदनामी झाली, ब्राह्मणांची टवाळी झाली, असे म्हटले गेले. थोड्या प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले, आणि १९७४ पासून थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले. १९८० मध्ये नाटक युरोपला निघाले तेव्हाही विरोध झाला. आपल्यापैकी जे 'घाशीराम' पाहून टाळ्या वाजवत होते, त्यांच्यातलेच काहीजण दहा-अकरा वर्षांनी 'कन्यादान' पाहून संतापले. मीही त्यातला एक आहे हे कबूल करतो. पुण्याच्या त्या मंडळींची मागणी आम्हाला हास्यास्पद वाटली होती. त्यांच्या निवेदनातले शब्द आणि आपल्या निवेदनातले शब्द एकापुढे एक ठेवले तर जातीचे नाव सोडून फारसा फरक सापडणार नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपली चळवळ दुसऱ्यांच्या भावना न दुखावता एक पाऊल तरी पुढे गेली असती काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. लक्षावधी लोकांना पवित्र वाटणारा तो ग्रंथ होता. 'भावना दुखावल्या' ही कसोटी त्या दिवशी लावली असती तर महाडची परिषद पोलिसांनी उधळायला हवी होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण छापून तयार झाले, आणि वेदशास्त्रांवरची टीका वाचून मंडळी घाबरली. हा भाग गाळा, तो भाग मवाळ करा, अशी पत्रे सुरू झाली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषदच रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती. आज आपण 'जातिभेद निर्मूलन' म्हणून ज्याचा अभ्यास करतो तो ग्रंथ असा जन्माला आला. लक्षात घ्या, ही मागणी करणारे सनातनी नव्हते. जात मोडू पाहणारेच होते. आपल्याच बाजूच्या माणसाला 'जरा जपून' म्हणण्याची सवय तेव्हाही होती.

१५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला होणारी शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दल होणारी शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आणि ध्वजाविषयी असे शब्द वापरले की महाराष्ट्रात वादळ उठले. लेखाचा संताप खरा होता, आणि शब्द सभ्य नव्हते. सभ्य शब्दांत लिहिला असता तर तो लेख आज कोणाला आठवला असता? त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यातली भाषा वाचून नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्याला प्रस्तावना कोणाची होती? विजय तेंडुलकरांची! हे मी त्या मुलांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

आणि 'रिडल्स'. आजच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण ऐकून माहीत असते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड १९८७ साली प्रसिद्ध केला, वसंत मून यांच्या संपादनाखाली. हिंदू धर्मातील कूटप्रश्नांवरचे ते अप्रकाशित लेखन होते आणि त्यात राम व कृष्ण यांच्याविषयी एक परिशिष्ट होते. त्यावर गदारोळ उठला. शिवसेनेने बंदीची मागणी केली, मोर्चे निघाले, अमरावतीला ग्रंथाची प्रत जाळण्यात आली. शासन डळमळले आणि परिशिष्ट गाळण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मग ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला मोर्चा निघाला. गावोगावहून माणसे आली होती, आयाबाया लेकरे कडेवर घेऊन चालत होत्या. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्या माणसांनी एका इंग्रजी ग्रंथाच्या परिशिष्टासाठी मुंबईचे रस्ते भरून टाकले. दुसऱ्या देशात असा मोर्चा कधी निघाला असेल तर मला ठाऊक नाही. त्या मोर्च्यानंतर हुतात्मा चौकाचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, ही गोष्टही विसरता येत नाही. अखेर परिशिष्ट राहिले, फक्त त्या मतांशी शासन सहमत नसल्याच्या आशयाची टीप खाली आली. खंड उघडून पाहा, टीप तिथे आहे.

त्या दिवशी आपण काय मागत होतो? कोट्यवधी लोकांना न रुचणारे, त्यांच्या दैवतांबद्दलचे लेखन छापले जावे, ही आपली मागणी होती. ती न्याय्य होती. मात्र ती मागताना आपण एका तत्त्वावर उभे होतो, आणि तत्त्वाची अडचण अशी की ते आपल्या सोयीने उचलून ठेवता येत नाही.

आता कायदा पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. हे स्वातंत्र्य निरंकुश नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. यातली काही कारणे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, आणि कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी त्या दुरुस्तीचे समर्थन केले होते. म्हणजे बाबासाहेब अमर्याद स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते असे आपल्या सोयीसाठी म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीपण ती यादी पुन्हा वाचा. 'भावना दुखावणे' हे कारण तीत नाही. धार्मिक भावनांविषयीचे जे कलम १९२७ साली इंग्रजांनी दंडसंहितेत घातले (पूर्वीचे २९५-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील २९९), तेही कोणाच्या मनाला लागले म्हणून लागू होत नाही. हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने धर्माचा अवमान केला असेल तरच ते लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच स्पष्ट केले आहे.

कलेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निकाल ३० मार्च १९८९ चा, आणि तो आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावरचा आहे. 'ओरे ओरु ग्रामतिले' नावाचा तामीळ चित्रपट. ब्राह्मण घरातल्या मुलीला खोट्या जातप्रमाणपत्राच्या आधारे मागास जातीची म्हणून वाढवले जाते, ती मोठी अधिकारी होते आणि पुढे सारे उघडकीस येते. आरक्षण जातीवर नको, आर्थिक स्थितीवर हवे, असा चित्रपटाचा रोख. त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले होते. प्रदर्शनाला परवानगी मिळाली तेव्हा काहीजण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि खंडपीठाने प्रमाणपत्र रद्द केले. निर्माता सर्वोच्च न्यायालयात गेला. हा खटला 'एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम' या नावाने प्रसिद्ध आहे. (विद्यार्थ्यांनी गफलत करू नये, हे जगजीवन राम म्हणजे आपले बाबूजी नव्हेत. बाबूजींचे निधन १९८६ मध्येच झाले होते.)

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चित्रपटाला पुन्हा मोकळीक दिली. न्या. जगन्नाथ शेट्टी यांनी लिहिलेल्या निकालात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, एखाद्या कलाकृतीमुळे गडबड होईल ही भीती दूरची आणि कल्पनेतली असून चालत नाही. दारूच्या कोठारात ठिणगी पडावी तसा त्या दोहोंचा संबंध थेट असला पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या निवेदनालाच लागू पडणारी आहे. मोर्चे निघतील, दंगा होईल, आम्हाला आवरता येणार नाही, असे सांगून सरकारला अभिव्यक्ती दाबता येत नाही. दंगा करणाऱ्याला आवरणे हे सरकारचे काम आहे. बोलणाऱ्याचे तोंड बंद करून शांतता राखणे म्हणजे धाकदपटशापुढे शरण जाणे होय. 'परिणामांस प्रशासन जबाबदार राहील' या आपल्या वाक्याला देशातील सर्वोच्च न्यायालयाने ते लिहिले जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी उत्तर देऊन ठेवले होते.

आरक्षणाविरुद्धच्या चित्रपटाला न्यायालयाने संरक्षण दिले हे ऐकून काही विद्यार्थ्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. पण मद्रासचा निकाल कायम राहिला असता तर पुढे काय झाले असते याचा विचार करा. आरक्षणावर बोलणारा प्रत्येक चित्रपट, मग तो कोणत्याही बाजूचा असो, गर्दी कोणाची मोठी यावर चालला किंवा पडला असता. गावोगाव गर्दी कोणाची मोठी असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०११ साली 'आरक्षण' या हिंदी चित्रपटाला उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाच्या आधारे ती बंदी रद्द केली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये काय झाले ते ताजे आहे. 'फुले' हा चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतिबांच्या जयंतीला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' यांसारखे शब्द बदलायला सांगितले, आणि चित्रपट दोन आठवडे पुढे गेला. जोतिबांच्या जीवनातून जातीचा उल्लेख काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी काढून विहीर दाखवण्यासारखे आहे. त्या वेळी आपण सर्वांनी निषेधाची पत्रके काढली. निवेदन घेऊन आलेल्या मुलांपैकी दोघांच्या सह्या त्या पत्रकावर होत्या, हे मी मुद्दाम आठवण करून दिले.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, मग आम्ही अपमान गिळत बसायचे का?" मुळीच नाही. भावना दुखावणे आणि माणसाचे माणूसपण नाकारणे या दोन गोष्टींत कायद्याने भेद केला आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ करणे, अपमानित करण्याच्या हेतूने पाणउतारा करणे हे गुन्हे आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली. दलित-आदिवासींविरुद्ध द्वेष पसरवणे आणि त्यांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हेही गुन्हे ठरले. गावात पुतळ्याची विटंबना होते तेव्हा हाच कायदा आपल्या हाती असतो. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून शिवी देणाऱ्याच्या मागे गावाची सारी सत्ता उभी असते. ऐकणाऱ्याला उठून जायची सोय नसते. त्याला तिथेच राहायचे, तिथेच राबायचे असते. नाटकाचे तसे नाही. तिकीट काढून जाता येते, उठून येता येते, त्यावर लिहिता येते, त्याला उत्तर देणारे नाटक करता येते. अत्याचाराच्या कायद्याचे हत्यार प्रत्येक नाटक, कादंबरी आणि व्यंगचित्रावर चालवू लागलो तर खैरलांजीसारख्या प्रसंगी, जिथे त्याची खरी गरज असते, तिथे त्याची धार उरणार नाही, असे माझे मत आहे. या मताशी संस्थेतील काही ज्येष्ठ सभासद सहमत नाहीत, हेही नोंदवतो.

थोर पुरुषांविषयी एक सूक्ष्म मुद्दा आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा खटला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात निकालास आला. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात ती छापली गेली होती. थोर ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागेल, असे न्यायालयाने म्हटले. ऐकायला बरे वाटते, कारण आपलेही पुरुष थोर आहेत. पण गांधीजींवर सर्वांत कठोर लिहिणारे कोण होते? काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणारा ग्रंथ १९४५ साली बाबासाहेबांनीच लिहिला. तो निकाल विचारांवरील टीकेला हात लावत नाही हे खरे, परंतु थोरांभोवती कुंपण घालायला सुरुवात झाली की ते कुठे थांबते हे कोणी सांगावे?

आता व्यंगचित्राचे प्रकरण. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्र शंकर यांचे, ऑगस्ट १९४९ चे. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत. शासनाने पुस्तक मागे घेण्याची घोषणा केली, सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोड करणारे आपल्या निळ्या झेंड्याखालचे होते. त्या दिवशी मला फार लाज वाटली, हे लिहून ठेवतो.

चित्राचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी घाई केली. "चित्रात काही आक्षेपार्ह नाही, तुम्हाला विनोद कळत नाही," असे म्हणणाऱ्या विद्वानांना खेड्यातल्या वर्गात पाठीमागच्या बाकावर एकटा बसलेला आपला मुलगा दिसला नाही. त्या चित्रात चाबूक कोणाच्या पाठीमागे आहे आणि वर्गात हसते कोण, हे त्याला बरोबर कळते. पण त्यावर उपाय मोडतोड हा कसा?

चित्रातील आरोप काय होता? संविधान तयार व्हायला फार वेळ लागतो आहे, हा. हा आरोप केवळ शंकर यांचा नव्हता, संविधान सभेतही होत होता. एका सभासदाने तर मसुदा समितीला वाहवत चाललेली समिती असे कुत्सित नाव दिले होते. इंग्रजीत मसुद्याच्या आणि वाहवण्याच्या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, त्यावरची ही कोटी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ती कोटी स्वतःच सभागृहाला ऐकवली आणि मग आकडे मांडले. संविधान सभेला लागले २ वर्षे ११ महिने १७ दिवस. अमेरिकेला चार महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला २ वर्षे ५ महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. मग अमेरिकेच्या संविधानात कलमे किती? ७. कॅनडाच्या १४७, ऑस्ट्रेलियाच्या १२८, दक्षिण आफ्रिकेच्या १५३. आपल्या ३९५. शिवाय त्या देशांच्या घटनाकारांना दुरुस्त्यांना तोंड द्यावे लागले नव्हते, आपल्याकडे सभागृहात प्रत्यक्ष २,४७३ दुरुस्त्या मांडल्या गेल्या. संपले. गोगलगायीला याहून चांगले उत्तर कोणी दिलेले नाही. पाठ्यपुस्तकात त्या चित्राशेजारी हे भाषण छापले असते तर पाठीमागच्या बाकावरचा मुलगा हात वर करून उठला असता.

पुढे डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने अनेक चित्रे काढण्याची शिफारस केली, आणि समितीतील एक सभासद, एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्न मत नोंदवले. यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते नंतरचे काम. उन्नमती श्यामसुंदर हे स्वतः दलित व्यंगचित्रकार. त्यांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून काढली आणि २०१९ साली त्यांचे पुस्तक केले. त्या काळच्या नामांकित इंग्रजी पत्रांतले चित्रकार बाबासाहेबांना किती वेळा ठेंगणे, लहान मुलासारखे, खोडकर, बायकी काढत होते ते एकामागून एक पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. दगड मारून कपाट फुटते. या पुस्तकाने मात्र त्या चित्रकारांची जात आणि नजर दोन्ही उघडी पडली, आणि हे करता आले ते ती चित्रे कुणी नष्ट केली नव्हती म्हणूनच.

भगवान बुद्धांची शिकवणही येथे आठवते. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात राजगृह आणि नालंदा यांच्या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करत चालला आहे. भिक्खू त्याविषयी बोलू लागतात. भगवंत त्यांना सांगतात की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तर संतापू नका, कारण संतापलात तर तो जे बोलला ते खरे की खोटे हेच तुम्हाला कळणार नाही. खोटे असेल तर ते का खोटे आहे हे उलगडून सांगा. आणि स्तुती केली तर हुरळूनही जाऊ नका, असेही ते लगेच पुढे सांगतात. हा दुसरा भाग आपल्या सभा-संमेलनांत फारसा सांगितला जात नाही. असो.

आता त्या नाटकाचे काय झाले ते. निवेदन पोलीस ठाण्यात गेले नाही. मुलांशी तीन बैठका झाल्या, त्यांतली एक फार तापली. शेवटी ठरले की आपण चाळीसजणांनी तिकिटे काढून जायचे आणि नाटक संपल्यावर चर्चेसाठी अर्धा तास मागायचा. प्राध्यापकांनी आधी आढेवेढे घेतले, मग मान्य केले. प्रयोग झाला. अरुण आठवलेच्या मारहाणीच्या प्रसंगी आमच्या रांगेतली दोन मुले उठून बाहेर गेली, आणि थोड्या वेळाने परत येऊन बसली. चर्चेत पहिले दहा मिनिटे कोणी बोलेना. मग आमच्या अभ्यासवर्गातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी उभी राहिली आणि तिने दिग्दर्शकाला विचारले की, अरुणच्या बापाने त्याच्या आईला कसे मारले हे अरुण सांगतो, ज्योती ऐकते, नाथला कळते, सगळ्या नाटकभर ती आई आहे. मग ती एकदाही रंगमंचावर का येत नाही? तिला काय वाटते हे तेंडुलकरांनी का विचारले नाही आणि अरुणने तरी कुठे विचारले?

सभागृहात शांतता पसरली. दिग्दर्शक चांगला माणूस होता, यावर आपण विचार केला नव्हता असे त्याने सरळ सांगितले.

त्या मुलीने आता त्या आईवर एकांकिका लिहिली आहे. ती नाथ देवळालीकरांच्या दिवाणखान्यात येऊन बसते आणि सर्वांना चार गोष्टी ऐकवते, पहिल्यांदा स्वतःच्या मुलाला. संस्थेच्या वर्धापन दिनी ती करायचे घाटत आहे. संहिता कार्यकारिणीच्या बैठकीत वाचली गेली, तेव्हा यातील काही संवादांमुळे समाजातील पुरुषांच्या भावना दुखावतील, ते गाळता येतील का, अशी शंका एका सभासदाने काढली आहे. त्यावर पुढच्या रविवारी चर्चा आहे. सर्वांनी अवश्य यावे.